मालकांचा निरोप

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी कुर्डुवाडीच्या शाळेतल्या आमच्या बाईंचे म्हणेन. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं, मीही तसंच म्हणतो. वडील रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास होताच त्यांनी फोरमनच्या कानावर माझं नाव घालून ठेवलं होतं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या सरळ आमच्या क्वार्टरवर आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “वर्कशॉप कुठं पळून जात नाही. चार वर्षांनी विचारा त्याला. तेव्हा यायचं असलं तर येईल.” वडील साहेबालासुद्धा उलट उत्तर देणारे, पण बाईंपुढं “बरं” म्हणाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, तो त्या ‘बरं’मुळं.

बार्शीच्या कॉलेजात निघालो तेव्हा बाईंनी एक अट घातली. महिन्याला एक पत्र टाकायचं. “आणि खुशाली लिहू नकोस,” त्या म्हणाल्या. “जिवंत आहेस हे पाकिटावरच्या अक्षरावरून कळेल मला. काय पाहिलंस आणि त्यातलं काय कळलं नाही, ते लिही.”

सुरुवातीला हा जुलूम वाटला. महिना संपत आला की न कळलेलं काहीतरी शोधत मी हिंडायचो. पुढं ती सवयच झाली. न कळलेली गोष्ट दिसली की मी तिच्यापाशी थांबू लागलो. सोलापुरातल्या नोकरीत मला पदवीपेक्षा या सवयीचाच जास्त उपयोग झाला.

पदवी मिळाली, नोकरी मिळेना. शेवटी सोलापूरच्या एका ट्रस्टला वृद्धाश्रमासाठी व्यवस्थापक हवा असल्याचं कळलं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, शिवाय पगार. वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, “वर्कशॉपात निदान गाड्या दुरुस्त होऊन बाहेर तरी पडतात रे.”

त्या काळी वृद्धाश्रम हा शब्दच नवा होता. टांगेवाले आमच्या जागेला ‘म्हाताऱ्यांचं बोर्डिंग’ म्हणायचे. कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातली ती बैठी इमारत. मधे कडुनिंब, एका बाजूला पुरुषांची मोठी खोली, दुसऱ्या बाजूला बायकांची, समोर जेवणाची पडवी. गिरणीचा भोंगा तिथपर्यंत ऐकू यायचा आणि घड्याळ न बघता आमचा दिवस त्याच्यावर चालायचा. दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनवर परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला म्हातारी माणसं शिव्या देत देत जेवायची. जेवणात आधी पुरुषांची पंगत, ती उठली की बायकांची. असा नियम कुणी केलेला नव्हता. घरोघरी तसंच होतं, तेच आश्रमात आलं.

ट्रस्टचं काम एक डॉक्टरसाहेब बघत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, स्वतःच्या खिशातून औषधं आणणारे. आश्रमात रोजचा राबता एका मावशीचा. त्या रोज सकाळी यष्टीनं सात मैलांवरच्या गावातून यायच्या आणि बायकांची खोली सांभाळायच्या.

मी लागलो त्याच पावसाळ्यात एक आजी आल्या. अक्कलकोटकडच्या. माहेर कन्नड, सासरही तसंच, पण निम्मं आयुष्य सोलापूरच्या भुसार बाजारात गेल्यामुळं मराठी आमच्यासारखीच. मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं, धान्याचं दुकान. दुकानावरच घर. मालक वारले आणि वर्षभरात आजींचं सगळं विसकटलं. पेटता स्टोव्ह तसाच ठेवून त्या बाजारात चालत्या व्हायच्या. एकदा पडद्यानं पेट घेतला, पाळण्यातलं नातवंड थोडक्यात वाचलं. तेव्हा मुलानं त्यांना आमच्याकडं आणलं. नातेवाइकांना त्यानं सांगितलं होतं की अव्वा, म्हणजे आई, अक्कलकोटला तिच्या बहिणीकडं गेलीय. आईला आश्रमात ठेवलं हे बोलायची सोय तेव्हा नव्हती.

आज या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात, त्यावर मराठीतसुद्धा पुस्तकं निघाली आहेत. तेव्हा आमच्याकडं एकच शब्द होता, चळ. म्हातारीला चळ लागलाय म्हटलं की संपलं, पुढं विचारायचं काही उरत नसे.

मला मात्र विचारायचं खूप होतं. सकाळी काय खाल्लं ते आजींना दुपारी आठवत नसे. पण ज्वारीचा दाणा दाताखाली फोडून, “ह्यात पाणी राहिलंय, पोत्यात भरू नका,” असं त्या बिनचूक सांगायच्या. खोलीतून पडवीत यायची वाट रोज चुकायच्या, पण नऊवारीच्या निऱ्या एकदाही चुकल्या नाहीत. मी मनाशी विचार करायचो, गेलं ते कुठून गेलं? आणि राहिलं ते कशाच्या जोरावर राहिलं?

दिवेलागण झाली की आजी पडवीच्या खांबापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि जो दिसेल त्याला विचारायच्या, “यजमान्रु बंद्रा?”

मालक आले का? एवढंच. मावशी म्हणायच्या, “येतील की, कुटं जात्यात.” स्वयंपाकी म्हणायचा, “कोन यजमान? हितं समदेच यजमान हायती.” मी म्हणायचो, “विचारून सांगतो.” आजी अस्वस्थ व्हायच्या, येरझाऱ्या घालायच्या, पण दिवस निभायचा. तो निभायचा नाही फक्त बाजार बंद असायचा त्या दिवशी. त्या दिवशी मुलगा यायचा.

मुलगा वाईट नव्हता, हे आधी सांगतो. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. दर आठवड्याला केळी, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी घेऊन यायचा. सगळ्या आश्रमाला पुरेल इतकी चटणी आणायचा. आजी त्याला ओळखत नसत. “या पाव्हणं,” म्हणायच्या, बसायला सांगायच्या, आणि थोड्या वेळानं विचारायच्या, “पाव्हणं, यजमान्रु बंद्रा?”

“अव्वा, मी पाव्हणा नाही. मी तुझा मुलगा,” तो समजावायचा. “आणि बाबा गेले की. तूच होतीस ना जवळ? आठव बघू. आठव.”

मग जे व्हायचं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातलं रजिस्टर तसंच धरून उभा राहिलो. आजींना ती बातमी त्या क्षणी कळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच. तोंड उघडं पडलं, आवाज उशिरा आला. मग त्या आपल्या खाटेपाशी गेल्या आणि दोन्ही मनगटं लोखंडी पट्टीवर आपटू लागल्या. बांगड्या फोडत होत्या. हातात बांगड्या नव्हत्याच, त्या मागंच फोडून झाल्या होत्या. मोकळी मनगटं लोखंडावर आपटत होती. मावशी आणि अण्णा, दोघांनी मिळून त्यांचे हात धरले.

अर्ध्या तासानं आजी शांत झाल्या. मालक गेल्याचं त्या विसरल्या होत्या. पण एक गोष्ट मला विचित्र वाटली. रडू मात्र गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा चेहरा तसाच ओढलेला. सुजलेल्या मनगटाकडं बघून त्यांनी मला विचारलं, “मला काय झालंय रं? मी कशाला रडायलीय?”

बातमी पुसली गेली होती आणि दुःख मागं राहिलं होतं. आपलं याच्या उलट असतं. दुःख ओसरतं, बातमी राहते. त्या महिन्याच्या पत्रात मी बाईंना एवढंच लिहिलं.

असं दर आठवड्याला चाललं. शेजारच्या खाटेवर गिरणीतून निवृत्त झालेल्या एक आजी होत्या. जन्मभर मागांच्या साच्यांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळं त्यांची कुजबुजसुद्धा पुरुषांच्या खोलीत ऐकू जायची. एका दिवशी अण्णा फाटकातून आत येताना दिसला आणि त्या मावशीला म्हणाल्या, “आला बग. दर आठवड्याला येतंय आन बापाला मारून जातंय.”

“अवं, हळू बोला की!” मावशी दटावू लागल्या.

“हळूच बोलायलीय की मी! एकदा मेलेल्या मानसाला किती डाव जाळायचं, मी म्हंते? आमच्या खात्यात मुकादम मेला तवा एकदाच सुट्टी मिळाली.”

अण्णानं ऐकलं असावं. त्या दिवशी तो लवकर उठला.

दरम्यान दुसरंच एक प्रकरण वाढलं होतं. पुरुषांची पंगत उठली की आजी पडवीत शिरायच्या, उष्ट्या ताटांमधून हिंडायच्या, वाकून वाकून एकेक ताट बघायच्या, आणि त्यातल्याच एकापुढं बसकण मारायच्या. मावशी ओढून उठवायच्या. बाकीच्या बायका नाकं मुरडायच्या. “कुनाचं बी उष्टं खाती, आमच्या शेजारी नको,” असं त्यांनी मला येऊन सांगितलं. मला वाटलं, भूक सहन होत नसेल. चळ लागलेल्या माणसाला भुकेचा अंदाज राहत नाही, असं डॉक्टरसाहेबही म्हणाले. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून एक सोय काढली. पुरुषांची पंगत बसायच्या आधीच आजींना एकटीला गरम गरम वाढायचं. भूकच उरणार नाही, तर उष्ट्याकडं जाणार कशाला?

सोय चांगली होती. फक्त आजींनी जेवणच सोडलं.

ताट पुढं ठेवलं की त्या हात मागं घ्यायच्या, जणू कुणी भलतीच गोष्ट करायला सांगतंय. “छे छे,” म्हणायच्या. मावशीनं घास भरवायला हात पुढं केला तर तोंड फिरवायच्या. मग पुरुषांची पंगत उठायची, आजी उष्ट्या ताटांकडं धाव घ्यायच्या, आम्ही अडवायचो, आणि त्या उपाशी झोपायच्या. सकाळी थोडं दूध, दुपारी मावशीनं गोडीगुलाबीनं दिलेला भात, एवढ्यावर आल्या. दंडाची कातडी लोंबू लागली.

महिनाअखेरीला डॉक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. “मनगटाचं हाड आज ना उद्या जाणार,” ते म्हणाले. “त्यात अन्न नाही. आपल्याकडं नर्स नाही, रात्रीचा माणूस नाही. मला त्यांना बांधून ठेवायचं नाही. पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं म्हणतो. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतोय. मुलाला सांगून ठेवा.”

ते निष्ठुरपणानं बोलत नव्हते. पण ते इस्पितळ मी कॉलेजच्या सहलीत बाहेरून पाहिलं होतं, आणि त्या भिंतीपलीकडं दिवेलागणीला आजी कुणाला विचारतील, हा प्रश्न मला सुटेना.

मी सायकल काढून भुसार बाजारात गेलो. दुकानात गर्दी होती. अण्णा गादीवर बसला होता, कपाळाला विभूती, खांद्यावर धान्याची धूळ. मी निरोप सांगितला. पुण्याचं नाव ऐकूनही त्यानं हातातलं काम सोडलं नाही. समोरच्या गिऱ्हाइकाला चवळी द्यायची होती, ती दिली. मग मला आत बोलावून पोत्यावर बसवलं.

“एक विचारू?” मी म्हटलं. “घरी त्या जेवायला कधी बसायच्या?”

“कधी म्हणजे? बाबांचं झाल्यावर.”

“लगेच?”

“लगेच. त्याच ताटात. बाबा उठले की त्या ताटावर अव्वा. आमच्याकडं तसंच होतं. तुमच्याकडं नाही का?”

आमच्याकडंही आई तशीच जेवायची. मी पोत्यावर बसल्या बसल्या पुरुषांची पंगत, उष्टी ताटं आणि त्यांच्यावर वाकलेल्या आजी डोळ्यांपुढं आणल्या. त्या भुकेनं हिंडत नव्हत्या, मालकांचं ताट शोधत होत्या. आणि आम्ही काय केलं होतं? जन्मभर जी बाई कधी मालकाआधी जेवली नाही, तिच्यापुढं सगळ्या पुरुषांच्या आधी ताट ठेवलं होतं. आणि ही सोय काढणारे आम्ही कुणी परदेशातून आलेलो नव्हतो. मी, मावशी, स्वयंपाकी, डॉक्टरसाहेब, आम्हा सगळ्यांच्या आयांनी हेच केलं होतं. रोज बघितलेली गोष्ट आश्रमाच्या पडवीत आल्यावर आम्हाला एकालाही ओळखू आली नाही.

“आणि बाबा गावाला गेले की?” मी विचारलं. “तेव्हा त्या उपाशी राहायच्या?”

“नाही, नाही. बाबा खरेदीला बार्शीला जायचे, कधी लातूरला. मग दुकानातला माणूस वर जायचा. निरोप आलाय, मालक तिकडंच जेवणार, तुम्ही जेवून घ्या. की मग ती...” अण्णा थांबला.

मला जे म्हणायचं होतं ते त्याला कळलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे मेलेल्या बापाचा निरोप मी द्यायचा?”

“त्या काय विचारतात ते बघा ना, अण्णा. मालक आहेत का नाहीत, असं त्या विचारतच नाहीत. आले का, म्हणतात. म्हणजे, मी जेवू का?”

“तुम्ही शिकलेले. तुम्हाला असं फिरवून सांगता येतं.” तो उठून उभा राहिला. “एक ऐका. मी लहानपणी एकदा खोटं बोललो, तर अव्वानं मला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. त्या अव्वाला मी तिथं टाकलंय. नातेवाइकांशी खोटं बोलतोय. बायको रोज अव्वाचं विचारते, मी बोलत नाही. निदान अव्वाशी तरी खरं बोलतो, म्हणून मला झोप लागते. तेवढं एक राहिलंय माझ्याकडं. तेही काढून घेता?”

सायकलवरून परत येताना मला त्याचं म्हणणं पटत होतं आणि आजींची मनगटंही दिसत होती. दोन्ही एकाच वेळी.

मधल्या दिवसांत मी आजींची आधीची वाढणी बंद केली आणि त्यांना बायकांच्या पंगतीत परत आणलं. पण दिवेलागणीला “यजमान्रु बंद्रा?” आलं की आमच्यापैकी कुणाच्या तोंडून तो निरोप निघेना. मावशीनं एकदा सांगून बघितला. आजींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तुला कोन सांगितलं? तू कुनाची?” निरोप दुकानातूनच यायला हवा होता.

बाजार बंद असायचा त्या दिवशी अण्णा नेहमीच्या वेळी आला नाही. मीटिंग तीन आठवड्यांवर आली होती. मी समजलो, आता येणार नाही. दिवे लागले, पुरुषांची पंगत बसली, तेव्हा फाटक वाजलं. अण्णाच होता. हातात केळी. नेहमी तो परीटघडीचे कपडे घालून यायचा. आज अंगावर दुकानातला मळका सदरा होता.

आजी खांबापाशी उभ्या होत्या.

“पाव्हणं, यजमान्रु बंद्रा?”

अण्णाचं तोंड उघडलं. मला त्याच्या चेहऱ्यावर जुनंच वाक्य येताना दिसलं. बायकांच्या खोलीतून गिरणीवाल्या आजी डोकावत होत्या, पण आज त्यांनीसुद्धा तोंड मिटलं होतं.

“निरोप आलाय,” अण्णा म्हणाला. “मालक बार्शीला गेलेत. तूर बघायला. तिथंच जेवणार. तुम्ही जेवून घ्या म्हणाले.”

त्यानं आईला ‘तुम्ही’ म्हटलं. दुकानातला माणूस म्हणायचा तसं.

आजी त्याच्याकडं बघत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, झालं, आता विचारणार, तू कोण.

“निरोप घेऊन तू आलास?”

“हो.”

“मग गादीवर कोन हाय?”

“नोकर आहे की.”

“नोकरावर गादी टाकून आलास?” आजींचा आवाज चढला. असा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता. “ऐन गिऱ्हाइकाच्या टायमाला? बाप गावाला गेला की पोरगं मोकाट! तरी मी त्यांना म्हंतीया, ह्याच्या भरवशावर जाऊ नका.”

“अव्वा...”

“अव्वा अव्वा करू नको. केळी ठेव हितं. आन जा. जा म्हंते न्हवं!”

“पळा, सावकार, पळा!” गिरणीवाल्या आजी ओरडल्या, आणि पंगतीतले दोन म्हातारे हसायला लागले.

अण्णा खरंच पळाला. मी फाटकाशी त्याला गाठलं. तो सायकलच्या सीटवर हात ठेवून उभा होता. रडत होता की हसत होता, मला अंधारात कळेना.

“रागावली मला,” तो म्हणाला. “पाहिलंत? पाव्हणं नाही म्हणाली. पोरगं म्हणाली.”

“आत या, बसा थोडं. पाणी घ्या.”

“नको. ती जा म्हणाली ना.” त्यानं सायकल वळवली. “जाऊन दुकान उघडतो.”

बाजार बंद होता. पण तो खरंच गेला, दोन फळ्या काढल्या आणि रिकाम्या बाजारात गादीवर बसून राहिला, हे त्यानं पुढच्या आठवड्यात स्वतःच मला सांगितलं. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, काय रे, आज? तर त्याला म्हणाला, “घरून ओरडा बसला.”

इकडं बायकांची पंगत बसली. आजी स्वतः येऊन रांगेत बसल्या. मावशीनं ताट ठेवलं. आजींनी भाकरी मोडली, आमटीत कालवली आणि जेवल्या. मधेच मान वर करून शेजारणीला म्हणाल्या, “तूर महाग होनार बग औंदा.”

मीटिंग झाल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. त्यांच्याकडची माझी पत्रं त्यांनी पुढं मला परत दिली, त्यामुळं ते जसंच्या तसं उतरवता येतं:

*बाई,*

*तुमच्या अटीप्रमाणं खुशाली लिहीत नाही. मागच्या पत्रात पुण्याला पाठवायच्या आजींबद्दल लिहिलं होतं. काल मीटिंग झाली. डॉक्टरसाहेबांनी आधी त्यांचं वजन केलं, मनगटं दाबून बघितली, मग मला सगळ्यांसमोर विचारलं, “तुम्ही आश्रमात खोटं बोलायची शिकवणी काढली आहे म्हणे?” मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, त्या जे विचारतात त्याचं उत्तर आम्ही देतो. त्या विचारतात, जेवू का. आम्ही म्हणतो, जेवा. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, इथंच राहू द्या. पण एक अट. त्यांनी कधी सरळ विचारलं की मालक गेले का, तर खोटं सांगायचं नाही. मी कबूल झालो.*

*आता मला न कळलेलं लिहितो. आज दुपारी आजी कडुनिंबाखाली बसल्या होत्या. मी जवळून जात होतो. त्यांनी मला हाक मारली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “ते गेले, न्हवं?” मला अट आठवली. मी म्हटलं, हो, आजी. वाटलं, आता मनगटं आपटतील. मी त्यांचा हात धरायला पुढंसुद्धा झालो. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच.” आणि माझाच हात थोपटला. मग बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मुलानं सांगितलं की त्यांना ते नवं होतं, आणि स्वतः विचारलं तेव्हा जुनं होतं, हे कसं? त्यांच्या आत कुठंतरी ते सगळं माहीत आहे का? मग दिवेलागणीला कोण विचारतं? डॉक्टरसाहेबांनाही विचारलं. ते म्हणाले, माझ्या पुस्तकात नाही. तुम्हाला काही सुचलं तर लिहा.*

*अण्णा आता आठवड्यातून दोनदा येतो. दर वेळी शिव्या खाऊन जातो. काल नातेवाइकांनाही त्यानं खरं सांगून टाकलं. इतर दिवशी निरोप दुकानातला हमाल आणतो, त्याला जमलं नाही तर मी. माझ्या हातात दुकानाची पिशवी असली तर चालतं, असं दिसतं. मात्र आजी नुसत्या निरोपावर सोडत नाहीत. कुठं गेलेत, काय घेतलं, काय भावानं घेतलं, सगळं विचारतात, आणि भाव चुकला की ओळखतात.*

*आज माझी पाळी आहे. पंगत बसायला थोडा वेळ आहे म्हणून हे लिहून घेतलं. दुपारी सायकलवर बाजारात जाऊन तुरीचा आजचा भाव विचारून आलो. निरोप खोटा, पण भाव तरी खरा असावा असं मला वाटलं. चूक असेल तर कळवा.*

*तुमच्या हाताखाली शिकलेला*